एकाला बसून दुखतंय, एकीला उभं राहून

प्रश्न (२०२१ च्या लॉकडाऊनमधला): आम्ही दोघंच चिंचवडला राहतो. नवरा ४१ वर्षांचा, आयटीत आहे, गेलं वर्षभर घरूनच काम चालू आहे. मी ३७, शाळेत शिकवते, सध्या ऑनलाइन तास घेते. वर्षभरात त्याचं वजन सात किलोंनी वाढलं आणि आता कंबर धरते. माझं वजन फारसं वाढलं नाही, पण सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं. त्याची जिम दसऱ्याला उघडली होती, ती आता पुन्हा बंद झाली. मार्चमध्ये दोघांनाही सौम्य कोविड होऊन गेला. व्हिडिओ लावून उड्यांचा व्यायाम आठवडाभर केला आणि सोडला. त्यावरून वाद मात्र होत राहतात. घरातल्या घरात दोघांनी मिळून काय करावं? ट्रेडमिल घ्यावी का?

उत्तर:

तुम्ही दोघांची दुखणी वेगवेगळी सांगितलीत, पण मला ती एकाच घराच्या दोन टोकांना दिसतात. तुमचे मिस्टर दिवसाचे दहा-अकरा तास बसून असतात. तुम्ही तास घेता तेवढा वेळ सोडला तर दिवसभर ओट्याशी, मोरीशी, नाही तर केर-फरशीत असता. कामाच्या मावशी येत नाहीत म्हटल्यावर त्यांचंही काम तुमच्याकडेच आलं असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी. त्यांच्या शरीराला हालचाल मिळत नाही आणि तुमच्या शरीराला बसायला मिळत नाही. अशा दोघांनी एकाच व्हिडिओसमोर उभं राहून एकसारख्या उड्या मारल्या, तर आठवड्यात सोडून देणं हेच व्हायचं. यात आळसाचा प्रश्न नाही.

हे मी ठामपणे सांगते, कारण २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये मीही ही चूक केली. दवाखाना बंद होता, फोन सतत वाजत होता. मी दहा व्यायामांचा एकच तक्ता केला आणि ज्या जोडप्यांनी विचारलं त्या सगळ्यांना तोच पाठवला. जून-जुलैत रुग्ण परत यायला लागले तेव्हा पुरुषांच्या कंबरेला त्या तक्त्याचा थोडाफार उपयोग झालेला दिसला. बायका मात्र टाचा आणि मनगटं धरून आल्या. दिवसभर राबलेल्या शरीराला मी आणखी काम लावून दिलं होतं. तेव्हापासून जोडप्याला व्यायाम सांगण्याआधी मी घरात कोण काय करतं ते विचारते.

पण आधी कोविडचं बघू. तो सौम्य होता तरी हे वगळू नका. घरात ऑक्सिमीटर असेल तर सहा मिनिटं चालण्याची जी चाचणी आरोग्य विभागाने कोविडकाळात सांगितली ती दोघांनी करा. बसून बोटावरचा आकडा बघा, मग घरातल्या सपाट फरशीवर सहा मिनिटं न थांबता चाला आणि पुन्हा बघा. आकडा ९३ च्या खाली आला, किंवा सुरुवातीपेक्षा तीनहून अधिकने उतरला, किंवा दम लागला, तर व्यायाम राहू द्या आणि डॉक्टरांना गाठा. चालताना छातीत दुखणं, बसल्या जागी धडधडणं, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणं, यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. चाचणी ठीक आली तरी पहिले दोन आठवडे एवढ्याच जोराने करा की व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग गळून गेल्यासारखं वाटलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून निम्म्यावर या. कोविडनंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यात उड्यांचे व्यायाम सुटले ते एका अर्थी बरंच झालं.

आता त्यांची कंबर. लॅपटॉप पलंगावर घेऊन, पाठीला उशी लावून काम चालत असेल तर ते आजच थांबवा. जेवणाचं टेबल घ्या. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडा. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी, आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट. एवढं पुरतं. महागड्या खुर्चीची चौकशी रोज दोन-तीन जण तरी करतात. मी त्यांना सांगते की उत्तम खुर्चीतही चार तास सलग बसलं की कंबर धरणारच. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडणं आणि सुटणं, या हालचालीतूनच त्यांना पोषण मिळतं. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उठणं हेच औषध, आणि ते गजर लावून होत नाही, कारण गजर बंद करता येतो. टेबलावरची पाण्याची मोठी बाटली काढून टाका आणि तिथे फुलपात्र ठेवा. तहान लागली की उठावंच लागेल, आणि पाणी प्यायल्यावर आणखी एकदा उठावं लागेल. ज्या मीटिंगला कॅमेरा लागत नाही ती उभं राहून किंवा चालत ऐकायची.

कंबरेचं दुखणं पायात उतरत असेल, पायाला बधिरपणा आला, पंजा उचलताना जोर कमी वाटला, तर वेळ न काढता दाखवून घ्या. लघवी-संडासवरचा ताबा कमी वाटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ही लक्षणं नसतील तर असली कंबरदुखी बहुतेकांची चालण्या-फिरण्याने आणि ताकद वाढवल्याने सुधारते. पडून राहिल्याने ती लांबते.

तुमच्या टाचेचं वर्णन तळव्याच्या पट्ट्याला सूज आल्याचं आहे. रात्रभर तो पट्टा आखडलेला असतो, सकाळी पहिली पावलं टाकताना ताणला जातो आणि कळ येते. या वर्षभरात हे दुखणं मी जेवढं पाहिलं तेवढं आधी पाहिलं नव्हतं, आणि कारण साधं आहे. बाहेर जाणं बंद झालं तशा चपला-बूटही सुटले, आणि कडक फरशीवर अनवाणी उभं राहणं वाढलं. तेव्हा आजपासून घरात वापरायला वेगळी, मऊ तळाची चप्पल घ्या. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही असं घरात असेल तर ही चप्पल बाहेर कधीच न्यायची नाही, म्हणजे अडचण उरत नाही. ओट्याशी उभं राहताना एक पाय आळीपाळीने बुटक्या पाटावर ठेवा. भाजी निवडणं, चिरणं, पोळ्या लाटणं यातलं जे बसून करता येईल ते बसून करा. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून तळवा ताणा, दहा वेळा. आणि एक दिवसाआड हा व्यायाम: दाराच्या चौकटीला धरून उंबऱ्यावर पंजे ठेवा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, तीन अंक मोजत टाचा वर, वर दोन अंक थांबा, तीन अंक मोजत खाली. बाराने सुरू करा. थोडं दुखेल, ते चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर संख्या कमी करा. याला सहा आठवडे नाही, तीन महिने लागतील असं धरून चला. लवकर बरं वाटलं तरी सोडू नका.

मनगटासाठी एक गोष्ट करून बघा, हळूच. अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी चमक आली तर अंगठ्याच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) ज्या नळीतून जातात तिथे सूज असण्याची शक्यता आहे. कणीक तिंबणं, कपडे पिळणं, जड पातेलं सांडशीने एका हाताने उचलणं, या तिन्ही कामांत नेमकी हीच हालचाल होते. या दुखण्यावर व्यायाम आधी नाही, आधी विश्रांती. औषधांच्या दुकानात अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा मिळतो, तो तीन-चार आठवडे वापरा. आणि ही तीन कामं तेवढे दिवस तुमच्या हातून जायला हवीत.

ती कुणाकडे जायला हवीत हे उघड आहे. मी हे बाजू घेऊन बोलत नाही, उपचार म्हणून लिहून देते आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. लॉकडाऊनच्या आधीचे आकडे आहेत हे. फरशी पुसायला खुर्चीत बसून टाइप करण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. म्हणजे ज्यांच्या शरीराला हालचालीची गरज आहे त्यांच्या वाट्याला ती येत नाही, आणि ज्यांच्या टाचेला विश्रांती हवी त्या उभ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगितली आहे, आणि ती सलग दहा मिनिटांचीच असली पाहिजे ही जुनी अट काढून टाकली आहे. मॉपने पंधरा मिनिटं दोन खोल्या पुसल्या, श्वास थोडा वाढला, घाम आला, तर ती मिनिटं धरायची.

तेव्हा कणीक, कपडे, केर-फरशी आणि किराणा ही चार कामं त्यांची. कंबर दुखते म्हणून केर काढायला वाकता येत नाही असं ते म्हणतील, आणि गुडघे ताठ ठेवून नुसत्या कंबरेतून वाकलं तर ते खरंही आहे. एक पाय पुढे, गुडघा थोडा वाकवलेला, वजन मांडीवर, असा केर काढला तर कंबरेवरचा ताण मांड्या घेतात. सुरुवातीला लांब दांड्याचा झाडू आणि मॉप वापरा, सहा आठवड्यांनी उकिडवं बसून पुसायला काही हरकत नाही. कणीक मळताना खांद्यातून दाब द्यायचा, मनगटातून नाही. किराणा आणताना पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या घेऊन जिन्याने वर या. कोथरूडच्या एका जोडप्यात बाईंच्या मनगटाला तीन महिने शेक, पट्टा, व्यायाम सगळं देऊन फरक पडत नव्हता. कणीक आणि धुणं नवऱ्याने घेतल्यावर सहा आठवड्यांत त्या बऱ्या झाल्या. त्या गृहस्थांचे खांदेही सुटले, याचं मला जास्त अप्रूप वाटलं.

व्यायाम दोघांनी मिळून करायचा तो आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. आपल्या तालमीतले जोर आणि बैठका घरच्या जागेत सहज बसतात. बैठका खुर्चीपासून सुरू करा: हात छातीशी, हळू बसा, टेकल्यासारखं झालं की उठा. दहा. जमल्यावर खुर्ची काढा. जोर आधी भिंतीवर, मग ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. तुम्ही मनगट बरं होईपर्यंत भिंतीवरही करायचे नाहीत, त्याऐवजी कोपरांवर भार देऊन फळीसारखं स्थिर राहा, वीस सेकंद. मग उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, बारा. कापडी पिशवीत पाच किलो पीठ भरून, टेबलाला एक हात टेकून, दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत ओढणं, प्रत्येकी दहा. त्यांच्या पुढे झुकलेल्या खांद्यांसाठी हा सगळ्यात कामाचा. तुमच्यासाठी पिशवीचे बंद कोपराच्या वरून दंडात अडकवा, म्हणजे मुठीवर ताण येत नाही. शेवटी हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं. इथेही तुम्ही तळव्यांऐवजी कोपरं टेका. सगळ्याच्या दोन फेऱ्या. एकाने करायचं तेव्हा दुसऱ्याने मोजायचं, मग बदली. यात विश्रांती आपोआप मिळते, आणि दोघांची संख्या वेगळी असली तरी कुणी मागे पडत नाही. मोजणाऱ्याने फक्त मोजायचं, चुका काढायच्या नाहीत. वाद तिथेच सुरू होतात, मी कितीतरी घरांत पाहिलंय.

सूर्यनमस्कारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांपर्यंत नेले आणि मराठी घरांत ते तेव्हापासून मुरलेत. मलाही ते फार आवडतात. पण तुमच्या मिस्टरांनी पहाटे उठल्या उठल्या घालू नयेत. झोपेत चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं दुखऱ्या कंबरेला झेपत नाही. संध्याकाळी घाला, गुडघे थोडे वाकवून, चारपासून सुरू करा, आठवड्याला दोन वाढवा. तुम्ही मनगटासाठी थांबा. तोवर आसनं करायची असतील तर खुर्ची आणि भिंत वापरा. बी. के. एस. अय्यंगारांनी आपल्या पुण्यातच खुर्ची, दोर, ठोकळे, भिंत यांच्या आधाराने दुखऱ्या शरीरांकडून आसनं करून घेतली. आधार घेतला म्हणजे आसन कमी दर्जाचं झालं, असं मुळीच नाही.

रात्रीच्या जेवणानंतर शतपावली. मला या शब्दाचा अभिमान आहे. जेवल्यानंतर अर्ध्या तासात चालायला लागलं की काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि ती फार चढत नाही. शंभर पावलं मात्र फारच थोडी झाली, दहा मिनिटं चाला, हजारेक पावलं होतात. गच्ची सोसायटीने बंद केली असेल तर हॉल ते स्वयंपाकघर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा, म्हणजे एकाच बाजूला वळणं होत नाही. टाच दुखत असेल तेवढे दिवस तुम्ही पाच मिनिटं, चप्पल घालून. दुपारी त्यांनी एकट्यांनी चाललं तरी चालेल.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण सात किलो उतरवायचे तर ते मुख्यतः ताटातूनच उतरणार. तेलाची पिशवी फोडली की कालनिर्णयच्या पानावर तारीख लिहा. माणशी रोज चार-पाच चहाचे चमचे तेल पुरतं, म्हणजे दोघांना महिन्याला साधारण दीड लिटर. तीन लागत असेल तर वजन कुठून आलं ते कळलं. प्रत्येक जेवणात मूठभर तरी उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा दही हवं. नुसत्या पोळी-बटाट्याने दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग फरसाणाचा डबा उघडतो. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली की चरबीसोबत स्नायूही झिजतात. हापूसचे दिवस आहेत, आंबा सोडू नका. जेवणावर आंबा खायचा नाही, जेवणात खायचा, आणि त्या जेवणातली एक पोळी किंवा वाटीभर भात कमी करायचा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम गती आहे.

ट्रेडमिल आत्ता घेऊ नका. ती कंबरेला ताकद देत नाही, तुमच्या दुखऱ्या टाचेला तर अपायच करेल, आणि दोन खोल्यांच्या घरात ती जागा अडवेल ती तुमच्या व्यायामाची. त्याऐवजी घरातल्या दोन चांगल्या चपला, मनगटाचा पट्टा आणि वेगळा कीबोर्ड एवढंच घ्या.

आणि आज संध्याकाळी एक करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते एकमेकांचं मोजा. दोघांचे आकडे त्याच कालनिर्णयच्या पानावर लिहा. शेजारी त्यांची कंबर आणि तुमची टाच व मनगट सकाळी दहापैकी किती दुखतं तेही. चार आठवडे दर रविवारी हे लिहा आणि मला ते पान पाठवा. त्यावरून पुढचं ठरवू. टाचेचा आकडा चौथ्या रविवारीही हलला नसेल तर मात्र मला पाय प्रत्यक्ष बघावा लागेल.